बिलात तूरडाळ कुठे आहे?

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बिलाचा फोटो मी मोठा करून करून तीनदा वाचला. आईला वाटलं, मी रकमेवर अडकलोय. 3,412 रुपये नव्या बिऱ्हाडाला पहिल्या महिन्यात लागायचेच, त्याचं काही नाही. 'बाबा, तूरडाळ आणि अंगाचा साबण आणायला गेले होते,' असं तू खाली लिहिलं होतंस. बिलात साबण आहे, तोही चारचा पॅक. सहा काचेच्या बरण्या आहेत, बेडशीट आहे, पॉपकॉर्न आहे, दोनवर एक फुकट असलेला फेसवॉश आहे. तूरडाळ मात्र नाही.

लातूरची पोरगी डाळ आणायला गेली आणि डाळच विसरून आली! आई अजून हसतेय.

रागवायला लिहीत नाहीये. दुकान बंद केल्यावर मी सात वर्षं मोठ्या स्टोअरमध्ये फ्लोअर सुपरवायझर होतो, ते तुला 'बाबांची नोकरी' एवढंच माहीत आहे. तिथे मी नेमकं काय करायचो, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तुझं बिल पाहिलं आणि वाटलं, मीच लावलेल्या मालात माझीच मुलगी फिरून आली.

बाजारातल्या गोलाईजवळचं आपलं दुकान आठवतं ना? मधे फळी, फळीच्या आत मी आणि माल, बाहेर गिऱ्हाईक. बाई यादी घेऊन यायची, मी वाचत वाचत पुड्या बांधायचो. तिला दिसायचं ते मी दाखवीन तेवढंच. फार तर 'अजून काही, वहिनी?' असं विचारायचो, आणि पोर सोबत असेल तर त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचो. तीही युक्तीच होती म्हणा. गूळ खाल्लेलं पोर आईला पुढच्या वेळी माझ्याच दुकानाकडे ओढायचं. नुसतं बघायला आलेला माणूस मात्र आम्हाला नको असायचा. तो फळी अडवून उभा राहतो आणि मागचं गिऱ्हाईक परत जातं.

मोठं स्टोअर त्याच बघ्यावर चालतं.

नोकरी लागली तेव्हा तीन दिवस ट्रेनिंग होतं. तिथे पहिल्याच दिवशी क्लॅरेन्स साँडर्सची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मेम्फिस गावात 1916 साली त्यानं 'पिगली विगली' नावाचं वाणसामानाचं दुकान काढलं आणि फळीच काढून टाकली. गिऱ्हाईकानं आत यायचं, टोपली घ्यायची, आपल्या हातानं माल उचलायचा. यात नोकरांचा पगार वाचला, हे तर झालंच. पण त्यानं आतली वाट अशी आखली होती की फिरत्या दांड्यातून आत शिरलं की सगळ्या मालासमोरून वळणं घेत गेल्याशिवाय पैसे देण्याच्या जागेपर्यंत पोचताच येत नव्हतं. मला तेव्हा आपली गोलाई आठवली. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. ज्याला जे हवं त्यानं त्या रस्त्यानं यावं आणि घेऊन जावं. साँडर्सनं सोळा रस्त्यांचा एकच केला आणि त्याची वेटोळी घातली.

तू तूरडाळीपर्यंत पोचलीच नाहीस, त्याचं कारण हेच. डाळ, साखर, तेल, पीठ हे ज्यासाठी माणूस घरून निघतो ते सगळं आम्ही पार मागच्या भिंतीला लावायचो. तिथे जाताना बिस्किटं, भांडी, चादरी, प्लास्टिकचे डबे हे सगळं पार करावं लागतं. तुला बरण्या दिसल्या त्या रांगेच्या टोकाला, वळणावर, हो ना? त्या जागेला एंड कॅप म्हणतात. ती सगळ्यात महागडी जागा. वळताना माणसाची चाल मंदावते आणि नजर तिथे जातेच. कंपन्या त्या चार फुटांसाठी स्टोअरला पैसे मोजतात. तिथे ठेवलेली वस्तू स्वस्तच असेल असं गिऱ्हाईक धरून चालतं. कित्येकदा आम्ही तिथे नेहमीच्याच भावाचा माल रचून वर पिवळा बोर्ड लावायचो. बोर्डावर फक्त किंमत, सवलतीचा शब्दही नाही. तरी ढीग संपायचा.

बाकीचं तुला दिसलंच असेल. नफ्याचा माल डोळ्यांसमोरच्या खणात, स्वस्तातला पायाशी. लहान मुलांचं मात्र डोळ्यांशी नाही, कमरेशी, कारण त्यांचे डोळे तिथे असतात. घड्याळ नाही, खिडकी नाही. गाणी संथ. 1982 साली मिलिमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं एका सुपरमार्केटमधला प्रयोग छापला होता. संथ संगीत लावलं त्या दिवसांची विक्री वेगवान संगीताच्या दिवसांपेक्षा 38 टक्क्यांनी जास्त निघाली. आमच्याकडे तीच दहाबारा गाणी दिवसभर फिरायची. गिऱ्हाइकाचं काय व्हायचं माहीत नाही, आमची डोकी मात्र पार कामातून जायची. आणि महिना-दोन महिन्यांनी आम्ही रात्रीत माल हलवायचो. ज्या बाईला साबण कुठे आहे ते पाठ झालंय, ती सरळ साबणाकडे जाते आणि सरळ बाहेर पडते. तिला पुन्हा शोधायला लावायचं.

आपल्याकडच्या मोठ्या दुकानदारांना मात्र अमेरिकेचा धडा जसाच्या तसा चालला नाही. 1999 साली मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा नुसत्या बघ्यांची एवढी झुंबड उडाली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर 60 रुपये भरा, असा नियम केला होता. म्हणजे तेही माझ्यासारखेच, फळीला टेकून उभ्या राहणाऱ्याला वैतागलेले. दोनच वर्षांनी किशोर बियाणींनी बिग बझार काढलं. त्यांनी उलटं ओळखलं. रुंद, चकचकीत, रिकामी वाट दिसली की आपला माणूस 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून दारातूनच मागे फिरतो. म्हणून त्यांनी वाटा मुद्दाम अरुंद ठेवल्या, माल ढिगांनी ओतला, धान्य उघडं ठेवलं, की बाईनं तांदूळ मुठीत घेऊन बघावा. अंगाला अंग घासलं, गलका झाला की मंडईत आल्यासारखं वाटतं आणि हात सैल सुटतो. 26 जानेवारी 2006 ला त्यांनी 'सबसे सस्ता दिन' लावला तर काही ठिकाणी गर्दी आवरेना म्हणून दारं लावून घ्यावी लागली. आता बिग बझारची पाटीही राहिली नाही, पण ढीग ओतायची रीत सगळ्यांनी उचलली.

आता तुला खरं सांगायचंय ते सांगतो.

बिलिंगवर एखादी वस्तू रद्द करायची असली की मशीनला सुपरवायझरचं कार्ड लागायचं. म्हणजे माझं. काउंटरवरची मुलगी हात वर करायची आणि मी जायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी असा दिवसभर फिरत असायचो. समोर नवरा-बायको, दोन पोरं, ट्रॉली भरलेली. स्क्रीनवरचा आकडा चढत असतो आणि नवऱ्याची नजर त्यावरच खिळलेली. एका आकड्याला तो म्हणतो, 'हे राहू द्या.' मला पहिल्यांदा वाटलं होतं की आता पोराच्या हातातली कार जाईल, नाहीतर तो सुगंधी मेणबत्तीचा डबा जाईल. नाही. जायची ती साखर. मग तेलाचा डबा. मग डाळ. ज्यासाठी घरून निघाले तेच परत जायचं आणि वाटेत उचललेलं घरी जायचं. सुरुवातीला मला याचा उलगडा होईना. मग एकदा एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाली ते ऐकलं, 'साखर काय, कोपऱ्यावरच्याकडून वहीवर आणू.'

त्या कोपऱ्यावरच्याची वही मी पंधरा वर्षं लिहिली होती, सायली. रोखीचा माल तिकडे आणि उधारीची साखर माझ्याकडे, अशी शेवटची तीन वर्षं गेली. दुकान का बसलं ते मला दुकानात असताना कळलं नव्हतं, ते त्या मशीनसमोर कार्ड हातात धरून उभा असताना कळलं.

रात्री दहानंतर अर्धं शटर ओढलं की दोन पोरं आणि मी रिकामी ट्रॉली घेऊन निघायचो, लोकांनी भलत्याच जागी टाकलेला माल गोळा करायला. झाडूंच्या मागे तुपाची बरणी. डायपरच्या गठ्ठ्यावर काजूचं पाकीट. एकदा मसाल्यांच्या रॅकमध्ये घडी करून नीट ठेवलेली साडी मिळाली, वर धन्याचं पाकीट ठेवलेलं. कुणीतरी तेवढं अंतर ती काखेत घेऊन चालली होती, मग हिशेब झाला असेल, पण सोडून देताना चुरगळू नये एवढी काळजी तिनं घेतली होती. मला त्या माणसांबद्दल नेहमी आदर वाटायचा. सगळं स्टोअर ज्या क्षणाला टाळण्यासाठी रचलेलं असतं, तो क्षण त्यांनी उभ्याउभ्या गाठलेला असायचा.

पण फळी होती ते दिवस फार चांगले होते, असं मी म्हणणार नाही. आपल्या दुकानात बायकांना सॅनिटरी पॅड हवे असले की त्या बाजूला थांबून राहायच्या, बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत. मग नजर खाली घालून सांगायच्या आणि मी ते पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून द्यायचो. कितीजणी माझं तोंड बघून तशाच परत गेल्या असतील. स्टोअरमध्ये पहिल्या आठवड्यात मी पाहिलं, एक शाळकरी मुलगी आली, तिनं रॅकवरचे चार पॅक उलटसुलट करून वाचले, एक उचलला, गेली. कुणाला काही विचारावं लागलं नाही. जुन्या नोटा घेऊन येणारे म्हातारेबुवाही असायचे, दहा मिनिटं चहापत्तीच्या पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचायचे. मी माझ्या दुकानात त्यांना एवढा वेळ कधी दिला नसता.

तुझी ठाण्याची आत्या मुंबई ग्राहक पंचायतीकडून महिन्याचं सामान घेते, ते याच्या अगदी उलट टोक. बघायला काही नाही. यादीत आकडे भरायचे, माल गटाकडे येतो, आपापसांत वाटून घ्यायचा. 1975 पासून चाललंय. आत्याच्या घरात फालतू बरणी सापडणार नाही. पण ती स्वतःच म्हणते, महिन्यातून एकदा मॉलला चक्कर मारल्याशिवाय करमत नाही.

तेव्हा जात जा. फक्त दोन-तीन गोष्टी कर. ट्रॉली घेऊ नको, हातातली टोपली घे. ट्रॉली काढली ती ओक्लाहोमाच्या सिल्व्हन गोल्डमननं, 1937 साली, कारण त्यानं पाहिलं की टोपली जड झाली की बाया खरेदी थांबवतात. सुरुवातीला कुणी त्या गाडीला हात लावेना, तेव्हा त्यानं पगारी माणसं ठेवून ती दुकानभर ढकलायला लावली. ती पाहून लोकांनी उचलल्या. जडपणा हाच तुझा ब्रेक आहे, तो काढून देऊ नको.

छापील एमआरपीवर किती टक्के सूट आहे ते वाचू नको. एमआरपी कंपनीच छापते आणि तिच्याखाली तर वाणीही विकतोच. पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा दर छापावा लागतो हल्ली, तो शोध, बारीक अक्षरात असतो. मोठा पॅक दर वेळी स्वस्त पडत नाही. दही, ब्रेड मागच्या रांगेतून काढ, आम्ही जुना माल पुढे ओढायचो. आणि बिलिंगवर मोबाइल नंबर मागितला तर 'नाही' म्हण. नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही अशी सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं 2023 मध्येच दुकानांना सांगितलंय. मुलीवर चिडू नको मात्र. तिला रोज किती नंबर घेतले ते वर सांगावं लागतं.

शेजारचा मुलगा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्यासोबत पाच किलो तूरडाळ पाठवतोय. उन्हं देऊन, निवडून ठेवलीय. त्या बरण्यांपैकी दोनच डाळीला वापर आणि दोन त्याच्याबरोबर परत पाठव. आईनं फोटोतली बरणी पाहिलीय. तिचं म्हणणं, 449 ला सहा म्हणजे काही महाग नाहीत, झाकण घट्ट बसत असेल तर अजून एक सेट बघ.

तुझा,
बाबा