वर्कशॉपच्या मामांना

मामा,

लांबलचक मेसेज तुम्ही वाचत नाही, ठाऊक आहे. हा वाचा.

बोकडाच्या टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, मशीनवर ओढायची आणि किती जोराला तुटते ते बघायचं, एवढंच माझं काम. पण मशीनच्या जबड्यात ती टिकेल तर ना! ओली, बुळबुळीत. ओढली की बारीक होते, आतलं पाणी पिळून निघतं आणि पकड आपोआप सैल पडते. जास्त आवळली तर कडेलाच चिरते. एकवीस कंडरा वाया गेल्या, आलेखावर नुसते करवतीचे दाते. खाटीकदादाही विचारायला लागले, "ताई, एवढ्या टाचांचं करता काय?"

सर म्हणाले, "अजून आवळ." मशीनवाल्यांचा माणूस आला, चहा प्यायला आणि सांगून गेला की ग्रिप ठीक आहे, सॅम्पलच खराब. बोकड काय ऑर्डर देऊन घडवून घ्यायचा होता?

टोकं गोठवून धरायची युक्ती तशी जुनी. नेदरलँड्समध्ये घोड्यांच्या कंडरांसाठी असे जबडे १९८२ सालीच केले होते. त्याचं चित्र घेऊन मी तिघांकडे फिरले. तिघेही "बघू" म्हणाले. तुम्ही घसरलेला तुकडा चिमटीत धरून पाहिलात, "ओला साबण आहे हा, दाबशील तेवढा पळणार," म्हणालात आणि कानावरची पेन्सिल काढलीत. ॲल्युमिनियमचे जबडे, आत नागमोडी दाते, पाठीला उणे ७८ अंशांच्या कोरड्या बर्फासाठी खोबण. बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

मला मात्र आठवतो तो अंगठा. जबडे तयार होते, मी घ्यायला हात पुढे केला, तर तुम्ही कडेवरून अंगठा फिरवलात, थबकलात आणि पुन्हा पॉलिश पेपर उचललात. असं तीनदा. मग माझाच अंगठा तिथे टेकवायला लावलात. "लागतं का? तुला नाही लागलं, तर तिलाही नाही लागणार." मेलेल्या बोकडाच्या कंडरेची एवढी काळजी! माझी त्या वर्षात कुणी केली नव्हती. चांगुलपणाला पदवी लागत नाही म्हणतात. तुमच्याकडे तर मायक्रोमीटरसुद्धा स्वतःचा, घरून आणलेला.

दुसऱ्या दिवशी बाविसावी बरोब्बर मधोमध तुटली, तंतू सुंभासारखे पिंजारून. मी दोन जिने धावत खाली आले. तुम्ही डबा उघडून बसला होतात.

"मामा, तुटली!"

"आधी हात धू," म्हणालात आणि डबा माझ्याकडे सरकवलात.

तुमची,
टाचावाली