वसूचा फोन बिघडलेला नाही

ठाणे,
१२ जुलै

बाळ्या,

'प्रिय' लिहिलं होतं, पण दोन महिन्यांत तू मला मनातल्या मनात काय काय म्हणाला असशील ते आठवून खोडलं. तू सात वेळा फोन केलास हे मला परवा कळलं. सई मला नोटिफिकेशनचा पडदा वरून खाली कसा ओढायचा ते शिकवत होती, तर पडद्यात तूच लटकलेला, सात वेळा. शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही केलं.

मे महिन्यात मुलाने स्मार्टफोन आणून दिला. फोन वाजला की हिरवा गोल उमटतो. मी त्याच्यावर बोट टेकवतो, पुन्हा टेकवतो, शेवटी दारावर थापा माराव्यात तसा मारत सुटतो, तोवर तू ठेवून दिलेला असतोस. तो गोल दाबायचा नसतो, वर सरकवायचा असतो. हे बाळ्या, कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय एक अख्खा दिवस माझ्याच्याने विमानाचं चित्र दाबलं गेलं होतं. ते पेटलं की बाहेरचा फोन आत येत नाही. नवी मुंबईला विमानतळ झालं म्हणून सगळे नाचतायत, आणि इथे माझ्या खिशात विमान उभं.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, साखर काबूत. हिचीही बरी.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. फोनवर बोलायची सोय नाही, ही स्वयंपाकघरातून सगळं ऐकते. आणि जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं तर ते एकतर हसतील, नाहीतर मला डॉक्टरकडे नेतील.

पहिल्यापासून सांगतो. खोक्यात टाचणीसारखी एक तार होती. मी दात कोरायला घेतली, सई किंचाळली. सिमचा कप्पा उघडायची ती किल्ली. माझं जुनं सिम मोठं निघालं, म्हणून गोखले रोडच्या दुकानात जाऊन बारकं करून आणलं, नंबर तोच. मग फोनने माझा अंगठा मागितला. तीस वर्षं लेथवर घासलेला अंगठा, त्याच्यावर रेघ उरलीय कुठे? काच पुसली, अंगठा पुसला, पुन्हा पुन्हा टेकवला, फोन आपला म्हणतोय बोट उचला, परत ठेवा. मस्टरवर सही करणाऱ्या माणसाला आंगठाबहाद्दर करायला निघालेला तो फोन मला त्यातही नापास करून बसला. शेवटी पिन टाकली. काय टाकली ते तू ओळखशीलच, कंपनीत रोज गेटवर ओरडून सांगायचो तेच. कुणाला बोलू नकोस.

भाषा मराठी केली, अक्षर मोठं केलं, इथवर सगळं झकास. बंद करायचं बटण मात्र दाबून धरलं की फोन बंद होत नाही, आतून एक बाई विचारते मी काय मदत करू. मी म्हटलं बाई, तुम्ही झोपा. सईने ते नंतर बदलून दिलं. टाइप करायचा कंटाळा आला तर माइकचं चित्र दाबून मराठीत नुसतं बोलायचं, फोन लिहून घेतो. माझ्या 'ळ'चा तो 'ल' करत नाही. तुझ्या 'ळ'चं काय करेल सांगता येत नाही, तुला लहानपणापासून कुठे येतो तो.

सिममधली जुनी नावं नव्या फोनमध्ये आपोआप उतरली. निम्मी माणसं वर गेलेली. सई म्हणाली, "आबा, जे नाहीत त्यांची नावं काढून टाकू?" मी म्हटलं, राहू दे.

एके रात्री झोप लागेना. व्हॉट्सॲप उघडून बसलो होतो. वसूचं नाव दिसलं. पूर्वीच्या फोनवर व्हॉट्सॲप कुठलं, म्हणून आमचं काही बोलणंच नव्हतं तिथे. कोरी पाटी. मला काय सुचलं कोण जाणे, माइक दाबला आणि हळूच म्हटलं, "वश्या, तलावपाळीला ये रे, पाऊस लागलाय, भजी खाऊ." शब्द छान उमटले. बाणावर बोट पडलं. पडलं म्हणजे मीच ठेवलं, तुझ्याशी काय खोटं बोलायचं.

सईने सांगून ठेवलं होतं, एक टीक म्हणजे गेलं, दोन म्हणजे पोचलं, निळ्या झाल्या म्हणजे वाचलं. एक आली. दुसरी आली. मी चष्मा काढून पुसून परत लावला, तोवर दोन्ही निळ्या.

बाळ्या, मी उठून दिवा लावला. देवघरातला.

सकाळी उत्तर आलेलं. "काका, राँग नंबर. हा नंबर आता माझा आहे. पण तुम्ही वसंतरावांना ओळखता का? त्यांच्या गॅसचा कोड मला येतो, कुणाला देऊ कळत नाही." नीट पाहिलं तर नावाशेजारच्या गोलात मांजर घेऊन बसलेली मुलगी. रात्री अंधारात ते मांजर मला वसूची दाढी वाटलं होतं. घणसोलीला राहते, नोकरी करते. पोरगी चांगली आहे. दुसरी असती तर ब्लॉक करून मोकळी झाली असती.

दुकानदाराकडून समजून घेतलं. नंबर वापरात नसला, रिचार्ज नसलं, की कंपनी तो काढून घेते. मग निदान ९० दिवस कुणाला देत नाही, आणि त्यानंतर कुठल्याही नव्या गिऱ्हाइकाला देते. आपल्या कंपनीतल्या लॉकरसारखं. माणूस रिटायर झाला की आतला डबा काढायचा आणि चावी नव्या पोराच्या हातात.

आता खरी गोष्ट. वसू गेल्यावर दिवाळीत वहिनींनी मला सांगितलं होतं, "भावजी, ह्यांच्या नंबरावर तेवढं रिचार्ज मारत जा. माझ्या फोनमधलं मला जमतं, ह्यांचं नाही जमत. नंबर चालू राहू दे." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच फोनचं बटण गेलं, मग थंडी, मग गुडघा. विसरलो. सरळ विसरलो रे. एवढंसं काम.

आणि गेल्या महिन्यात वहिनींनी वसूचा फोन माझ्याकडे आणून दिला. गॅसवाला कोड मागतो म्हणून त्यांनी तो चालू केला, तर रेंज नाही. "बिघडलाय बहुतेक, दुकानात दाखवता का?" मी घेतला. आत्ता टेबलाच्या खणात आहे. फोनला काही झालेलं नाही. वहिनींना म्हटलंय, दुकानदार पार्ट मागवतोय, आठ दिवस लागतील. त्याला सव्वीस दिवस झाले.

दरम्यान मी कोडाचा हमाल झालोय. सिलिंडर निघाला की कोड घणसोलीला जातो, ती पोरगी मला पाठवते, मी वहिनींना फोन करून सांगतो, आणि त्यांनी विचारलं तर म्हणतो एजन्सीत आपला एक ओळखीचा आहे. सईने मला पहिल्याच दिवशी दम भरलाय, आबा, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. कुणाचा ओटीपी कुणी कुणाला सांगायचा नाही हे तिने स्पष्ट केलेलं नाही. तुला पी. पी. नंबरचे दिवस आठवतात? अख्खी चाळ तुझ्या फोनवर, आणि तू खिडकीतून बोंबलायचास. आज मी तेच करतोय. फरक इतकाच की मी निरोप पोचवतो. तू १९८८ साली मुलीकडच्यांचा फोन आला तेव्हा "तो घरी नाही" सांगून ठेवून दिलास, कारण कॅरमवर राणी अडली होती. मी दोन खोल्या सोडून दाढी करत होतो! महिनाभर आपण बोलत नव्हतो, वसू मधे उभा राहून दोघांचे निरोप पोचवायचा, तेही अर्धे गाळून. (हिला ती हकीकत अजून माहीत नाही. भेटलास तर तोंड आवर.)

हे किती दिवस चालवणार? आणि गॅसचं सोड, बँकेत अजून वसूचाच नंबर असेल तर? पोरगी सरळ आहे म्हणून निभावलं. वहिनींना घेऊन बँकेत आणि एजन्सीत जायचं, नंबर बदलून घ्यायचा, एका दिवसाचं काम. पण त्यासाठी आधी सांगावं लागेल की नंबर गेला, आणि माझ्यामुळे गेला. तीनदा त्यांच्या जिन्यापर्यंत गेलो. एकदा त्या दारातच होत्या, म्हणाल्या, "झाला का हो फोन?" मी मामलेदारच्या मिसळीचं पार्सल हातात दिलं आणि खाली आलो.

रागावतील असं नाही वाटत. रागावल्या तर बरंच. त्या "असू दे हो भावजी" म्हणतील, त्याची धास्ती आहे.

काल खण उघडून वसूचा फोन चालू केला. आत निरोप नाहीत फारसे, तुला ठाऊक आहे त्याचं. पण नावं बघितली. तू 'बाळ्या पीपी'. मी खाली खाली शोधत गेलो, माझं नाव सापडेना. माझा नंबर दाबून पाहिला तेव्हा वर उमटलं, 'लेटमार्क'.

तर गणपतीत त्याचं वर्ष आहे, तू येणार आहेसच. चार दिवस आधी ये. मांडवीने आलास तर मी स्टेशनला येतो, दोन नंबरच्या जिन्याखाली, नेहमीच्या ठिकाणी. दोघं मिळून वहिनींकडे जाऊ. बोलेन मीच, तू फक्त शेजारी बस आणि मधे विनोद करू नकोस.

लावणी झाली का? मोतीबिंदूचं काय ठरलं? धाकटीच्या सासरचं मिटलं असेल तर कळव. उत्तर पत्राने दे. फोन केलास तर नुसतं पावसापाण्याचं बोल.

आणि हो, वसूच्या फोनला बारीक पिनेचा चार्जर लागतो, माझा नवा जाड तोंडाचा आहे, बसत नाही. बॅटरीची एकच काडी उरलीय. तुझ्या माळ्यावर जुना असेल तर शोधून आण.

तुझा,
अनंता