हात कुठे जातोय? आत्याला उघड पत्र

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार.

परवा शेगडीवर पातेलं उतू जायला आलं. मी न बघताच उजवा हात बाजूला नेला, खुंटीवरची सांडशी हातात आली आणि पातेलं खाली उतरलं. एवढंच झालं. पण वर्षापूर्वी याच सांडशीसाठी मी आखडलेल्या खांद्याने तीन ड्रॉवर उचकत असे. तेव्हाच ठरवलं, तुझे आभार फोनवर नाही, सगळ्यांसमोर मानायचे.

तू आलीस तेव्हा माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मला वाटलं होतं, तू आल्या आल्या पदर खोचून कपाटं रिकामी करशील. तू मात्र दोन दिवस कशालाही हात लावला नाहीस. कोपऱ्यात स्टूल टाकलंस, वहीत ओट्याचा नकाशा काढलास आणि मी जिथे जिथे जाईन तिथे रेघ ओढत बसलीस. नकाशे काढण्यात तुझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे ते तुला सहज जमलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही माझ्यासमोर धरलीस. सिंक आणि समोरचं कपाट यांच्यामध्ये कागद रेघांनी काळा झाला होता. गाळणी, सोलाणं, सुरी, सगळं पाण्यापाशी लागणारं आणि सगळं पाण्यापासून लांब! इतकी वर्षं मी त्या फेऱ्या घालत होते आणि मला त्या दिसल्याच नव्हत्या.

त्याच रात्री तू फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितलीस. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी १९२६ मध्ये जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं आणि ते सुमारे दहा हजार घरांत बसवलं गेलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधली दाटीवाटीची सोय त्यांनी त्यासाठी अभ्यासली होती. पण ते आखण्याआधी आपण स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, असं त्यांनीच पुढे सांगितलं. तुला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. तरी तू म्हणालीस, "दहा हजार घरांसाठी एक नकाशा चालतो, पण तुझ्या खांद्यासाठी तुझाच लागेल." ते वाक्य मी विसरलेले नाही.

मग टेप निघाली. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फुटांत असावी, असा जुना नियम आहे. माझी १५ भरली. म्हणजे खोलीचं काही चुकलं नव्हतं, आणि हे ऐकून मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! वर तू म्हणालीस की हा त्रिकोण एकट्याने रांधणाऱ्याचा आहे. आमच्याकडे दोघं एकाच वेळी ओट्याशी असतो, म्हणून चिरण्याची जागा शेगडीच्या वाटेतून बाहेर काढलीस.

चिरण्याच्या जागेसाठी तर मी तुझी जन्मभर ऋणी आहे. माझं कोपर जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर आणि ओटा ९० वर. कामाची जागा कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली हवी, नाहीतर चिरताना खांदा उचलला जातो. मी रोज तेच करत होते, दुखऱ्या खांद्याने. पायाखाली पाट घेऊ का विचारलं, तर तू रागावलीस. शेगडीजवळ पाटावरून पाय घसरला तर? जेवणाच्या टेबलावर जाड फळी ठेवून चिरायला लावलंस. इतका साधा उपाय मला सुचला नव्हता.

बाकीचं भराभर झालं. जड भांडी कंबरेच्या आसपास, हलकी आणि क्वचित लागणारी वर, तेल शेगडीच्या धगीपासून दूर. दूध फ्रिजच्या दारातून आतल्या कप्प्यात गेलं, कारण दाराशी गारवा सगळ्यात कमी. एकसारखे डबे आणायचा माझा हट्ट तू मोडलास. आधी आत काय राहणार ते ठरू दे, मग डबे, असं तुझं म्हणणं होतं. ते पटायला मला महिना लागला.

पण सगळ्यात मोठं काम तू गेल्यावर झालं. पंधराव्या दिवशी तुझा फोन आला आणि तू "नीट लागलंय का?" असं विचारलं नाहीस. "हात कुठे जातोय?" असं विचारलंस. मी कबूल केलं की मिठासाठी हात अजून जुन्याच जागी, शेगडीच्या डावीकडे जातो. तू म्हणालीस, "मग मीठ तिथेच ठेव. चूक माझ्या नकाशाची आहे." स्वतः मोजून-मापून लावलेली गोष्ट इतक्या मोकळेपणाने परत हलवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता खांदा बरा आहे, हात वरच्या फळीपर्यंत पोचतो. तरी जड कढई मी खालीच ठेवते.

झाकणांचं मात्र अजून जमलेलं नाही. उभी लावून पाहिली, दाराच्या आतून टांगून पाहिली, हात प्रत्येक वेळी वेगळीकडेच जातो. दिवाळीत येशील तेव्हा वही घेऊन ये. स्टूल कोपऱ्यातच आहे.

तुझी भाची