मन्या, फोन चालू ठेव

पुणे, ९ ऑक्टोबर

प्रिय मन्या,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर जे झालं त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. "बाबा असते तर" हे मी म्हणायला नको होतं. तू फोन ठेवलास, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यानंतर चार दिवस तो बंद होता. चौथ्या दिवशी 'मी ठीक आहे' एवढे तीन शब्द आले. ते मी ताईला वाचून दाखवले, मग ती गेल्यावर एकटीने कितीदा तरी वाचले.

नोकरी जुलैत सोडलीस आणि मला ऑक्टोबरात सांगितलंस. एकतिसाव्या वर्षी सतरा वर्षांच्या पोरांबरोबर सुतारकामाच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे शिकाऊ उमेदवारीला, बसतोयस. लेना सोडून गेली, तेही त्याच दमात. वर्षश्राद्धाला येणार नाहीस, तेही. एका फोनमध्ये एवढं सगळं ऐकून आईने काय बोलावं, ते मला सुचलं नाही, आणि जे सुचलं ते वाईट होतं.

ऑगस्टमध्ये तू काल्फहून फोटो पाठवलास. पुलावरच्या ब्राँझच्या हेसेशेजारी तू उभा, खाली लिहिलेलं, 'आई, तुझा माणूस'. मला केवढा आनंद झाला. जर्मन लेखक हेर्मान हेसेचं गाव, त्याचा आवडता पूल, खाली नागोल्ड नदी. मी तो फोटो सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवला. आता तोच मोठा करून बघते तर तुझे गाल बसलेले दिसतात. शर्ट खांद्यावरून लोंबतोय. मला पूल दिसला, नदी दिसली, पोरगा दिसला नाही.

तीस वर्षं मी हेसे शिकवला. फळ्यावर लिहायची: १८७७ काल्फला जन्म, १८९२ माउलब्रोनच्या सेमिनरीतून, पाद्री घडवणाऱ्या शाळेतून, पळाला, १९२२ 'सिद्धार्थ', १९४६ नोबेल. त्याची आई मारी केरळातल्या तलश्शेरीत जन्मली आणि आजोबा गुंडर्ट यांनी मल्याळमचा शब्दकोश केला, हे सांगितलं की मुलं मान वर करायची. मग पुढचा मुद्दा. त्या १८९२पाशी मी एकदाही थांबले नाही रे.

या आठवड्यात थांबले. पोरगा चौदा वर्षांचा. मार्चच्या थंडीत वसतिगृहातून निघून गेला, रात्र उघड्यावर काढली, दुसऱ्या दिवशी सापडला. पुढे आईवडिलांनी त्याला 'बाड बोल' या गावी एका पाद्रीबुवांकडे ठेवलं, ते याला ताळ्यावर आणतील म्हणून. तिथे वयाने मोठ्या मुलीवर जीव जडला. तिने नाही म्हटलं. याने उसने पैसे घेतले, रिव्हॉल्व्हर विकत घेतलं... पुढचं मला लिहवत नाही. वाचला तो. पण जूनच्या त्या दिवसांत मारी काय करत असेल? तो चार वर्षांचा असताना तिने नवऱ्याला पत्रात लिहिलं होतं की या पोरात केवढी ताकद आहे, केवढा हट्ट आहे, याचं पुढे कसं होणार? मी ते पत्र वर्गात 'मोठ्या माणसाची लहानपणीची लक्षणं' म्हणून वाचून दाखवायची. ते भ्यालेल्या आईचं पत्र आहे, हे मला साठाव्या वर्षी कळतंय.

तुला झोप लागते का?

नाही विचारणार. पुढे लिहिते.

त्यानंतर त्याला श्टेटेनच्या मनोरुग्णालयात ठेवलं. तिथून सप्टेंबरमध्ये त्याने वडिलांना पत्र लिहिलं, त्याची सुरुवात 'माननीय महोदय' अशी आहे. बापाला! आणि खाली सही करताना स्वतःला श्टेटेनच्या तुरुंगातला कैदी म्हणवून घेतलं. मन्या, ते पत्र वाचलं आणि मला तुझे तीन शब्द आठवले. त्याने निदान पानंच्या पानं भांडण लिहिलं. तू भांड माझ्याशी. पाहिजे तर मलाही महोदया म्हण.

सुतारकामाला माझा विरोध आहे असं तुला वाटतंय. नाहीये. हेसेच्या घरचे पाद्री, मिशनरी, पुस्तकवाले; आणि हा सतराव्या वर्षी काल्फमध्येच पेरोच्या कारखान्यात जाऊन मनोऱ्यांच्या घड्याळांच्या भागांना कानस मारत उभा राहिला. वर्षभरापेक्षा जास्त. लोक म्हणाले असतील, पोरगं वाया गेलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९४३ला त्याची शेवटची मोठी कादंबरी आली, 'काचेच्या मण्यांचा खेळ'. त्यात त्या खेळाचं पहिलं साधन बनवणारा माणूस आहे, त्याचं नाव ठेवलंय काल्फचा बास्टियान पेरो. मालकाचं नाव जपून ठेवलं होतं त्याने. म्हणजे हातांनी केलेलं काम फुकट जात नाही, हे मला मान्य आहे. फक्त हेल्थ इन्शुरन्सचं काय केलंस ते सांग. आणि व्हिसाचं. नोकरी गेली की परवाना बदलून घ्यावा लागतो ना? कचेरीत वेळेवर जा, कागद एका फायलीत ठेव, मूळ प्रती कुणाला देऊ नकोस. शिकाऊला पगार किती मिळतो? त्यात श्टुटगार्टचं भाडं कसं भागतं? बाबांची एफडी जानेवारीत सुटतेय, ती तुझ्या नावावर...

सुरू झाले मी. माफ कर. हे पान फाडून टाकणार होते, पण मग तू म्हणशील आई काहीतरी लपवते. राहू दे.

पाटाचा घोडा आठवतो का तुला? आजीचा जेवायचा पाट तडकला होता, आणि तू सुट्टीत माळ्यावर बसून बाबांच्या पटाशीने त्याचा घोडा केलास. सहावीत होतास. बाबा कचेरीतून आले, पाट दिसेना, अंगठ्याला चिंधी बांधलेला तू दिसलास. केवढे ओरडले. मी मधे पडले नाही. रात्री तू झोपल्यावर मात्र ते दिवाणखान्यात दिव्याखाली तो घोडा उलटासुलटा करून बघत बसले होते. मानेकडची लाकडाची रेघ तू तशीच ठेवली होतीस, आयाळीसारखी. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मला म्हणाले, "याला दिसतं गं लाकडात." तुला कधी सांगितलं नाही त्यांनी. मीही नाही सांगितलं. बारावीला तू आर्किटेक्चर की इंजिनिअरिंग म्हणून अडलास तेव्हा आम्ही दोघांनी काय केलं ते तुला माहीतच आहे.

घोडा कपाटात आहे. एक कान मोडलाय.

वर्षश्राद्धाचं. नाही आलास तरी चालेल. ताई करणार आहे, गुरुजींशी बोलणं झालंय. १९०२ला मारी गेली तेव्हा हेसे अंत्यविधीला गेला नाही. वडिलांना कळवलं, आईवर प्रेम असूनही मी न येणंच दोघांच्या भल्याचं आहे. मारीला त्याचं सुरुवातीचं लिखाण पापाकडे झुकणारं वाटायचं, तसं तिने त्याला कळवलंही होतं. आणि त्याने तर नवा कवितासंग्रह तिलाच अर्पण केला होता. तो छापून यायच्या आत ती गेली. मला पूर्वी त्याचा राग यायचा, आईच्या मातीला न जाणारा कसला कवी. आता मारीचं वाईट वाटतं. उपदेशाचं पत्र पोचलं, आणि तिच्यासाठी लिहिलेलं पुस्तक तिने पाहिलं नाही.

बाबांचे शेवटचे तीन दिवस मी तुला नीट सांगितले नाहीत. तू विमानात होतास, आलास तेव्हा सगळं संपलं होतं. दुसऱ्या रात्री ते "आई, आई गं" म्हणत होते. नर्स म्हणाली, दुखतंय म्हणून म्हणतात सगळे. पण ते दुखण्याचं नव्हतं, मन्या. हाक होती ती. दाराकडे बघून. आजीला जाऊन वीस वर्षं झालेली. हेसेच्या 'नार्त्सिस आणि गोल्डमुंड'च्या शेवटी गोल्डमुंड मरायला टेकलाय, लाकडात मूर्ती कोरणारा तो, जन्मभर त्याला आईची एक मूर्ती करायची होती, ती राहिली. आणि तो विद्वान मित्राला विचारतो, तुला तर आई नाही, तू मरणार कसा? आईशिवाय प्रेम करता येत नाही, आईशिवाय मरता येत नाही, असं त्याचं म्हणणं. परीक्षेत यावर मी दहा गुणांचा प्रश्न काढायची. बाबांच्या खाटेशी बसून मला ते समजलं.

'सिद्धार्थ'च्या सुरुवातीला मुलगा घर सोडायची परवानगी मागतो आणि रात्रभर हात बांधून उभा राहतो. बापाला झोप येत नाही. तो परत परत उठतो, झरोक्यातून बघतो, पोरगा तिथेच. माझा झरोका म्हणजे तुझं 'लास्ट सीन'. दोनला उठते, बघते. चारला उठते, बघते. त्या चार दिवसांत तिथे रविवारचीच वेळ होती. पुस्तकाच्या पुढच्या भागात सिद्धार्थाचा स्वतःचा मुलगा पळून जातो, नाव पलीकडच्या काठाला सापडते, वल्हं नाहीसं झालेलं. म्हातारा नावाडी वासुदेव समजतो की मुलाला मागे कुणी यायला नकोय. तो मुकाट्याने नवं वल्हं करायला बसतो. सिद्धार्थ मात्र धावतोच. मीही धावले असते. तिकीट बघितलं होतं मी, ताईने थांबवलं.

हेसेही त्या पुस्तकात मधेच अडकला होता, वर्षभराहून जास्त. जे स्वतः जगलो नाही ते लिहिता येईना. त्याआधी १९१६ला वडील गेले, मुलगा आजारी, बायको आजारी, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. कुणाशी तरी बोलला, मन्या. मग रंग हातात घेतले. तुझ्याकडे आहे का असं कुणी, बोलण्यासारखं? माझ्याशीच बोल असा हट्ट नाही.

तो १९६२च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोंतान्योलाला झोपेत गेला, पंच्याऐंशीचा होऊन. शेवटच्या आठवड्यात एक छोटी कविता तीनदा लिहिली, तिसऱ्यांदा आदल्याच दिवशी. झाडाला लटकलेली एक मोडकी फांदी, साल गेलेली, वाऱ्यात करकरतेय, आणखी एक उन्हाळा, आणखी एक हिवाळा. तू लाकूडवाला आहेस, तुला तो आवाज माझ्यापेक्षा नीट ऐकू येईल.

पत्र टपालाने पाठवतेय, दोन आठवडे लागतील. तोवर रोज एक शब्द पाठव. 'जेवलो' चालेल. रात्री फोन बंद करू नकोस, मी करणार नाही फोन, फक्त बंद नको.

बाबांचं एचएमटी मी तुझ्या वेळेला लावून फ्रिजवर ठेवलंय, साडेतीन तास मागे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे जातील ना? साडेचार करून ठेवते.

तुझी,
आई