गुरख्यांची नोंद होते, त्यांच्या मुलांचं काय?

मा. संपादक,

बागेतल्या गुरख्यांची पोलीस ठाण्यात नोंद न करणाऱ्या बागायतदारांवर कारवाई होणार, अशी बातमी आपल्या अंकात वाचली. नोंद हवीच. दिवाळी झाली की आम्हीही त्यांचे फोटो, नागरिकतेचं कार्ड घेऊन जातो. पण त्या फॉर्मवर मुलांसाठी रकानाच नाही, म्हणून हे पत्र.

पावसजवळ आमच्या बागेत पाच वर्षं एक थारू (नेपाळच्या तराईतला आदिवासी समाज) जोडपं राखणीला आहे. गाव नेपाळात, बर्दिया जिल्ह्यात. 2002 साली, माओवादी बंडाच्या काळात, लष्कराने नवऱ्याच्या वडिलांना रात्री घरातून नेलं. तो तेव्हा आठ वर्षांचा. त्या युद्धात सर्वांत जास्त माणसं बर्दियातूनच बेपत्ता झाली, बहुतेक थारू. घरच्यांनीच एकत्र येऊन त्यांची नावं गोळा केली, दाद मागितली. 2006 ला शांतता करार झाला, 2015 ला बेपत्तांच्या शोधासाठी आयोग बसला. वडिलांचा पत्ता नाही. आई अजून बांगड्या भरते. आमच्या वाडीतही बोटीवरून न परतलेल्या खलाशाला सात वर्षांनी कागदावर मृत धरलं, तरी बायकोने मंगळसूत्र काढलं नव्हतं.

त्याचं गाव सुटलं ते असं. आधी बोटीवर खलाशी, मग आंब्याची राखण.

त्याची मुलगी आता आठ वर्षांची. दोन हंगाम ती पत्र्याचा डबा बडवत वानर हाकायची आणि मी कौतुकाने बघायचे. आज त्याची लाज वाटते. गेल्या डिसेंबरात शाळेत नेली, तर उत्तर मिळालं, "जन्मदाखला आणा, मग बघू." 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 14 सांगतं की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. बचत गटातल्या आम्ही तिघी त्या पानाची झेरॉक्स घेऊन शाळेच्या पायरीवर बसलो. साडेबाराला नाव पडलं.

मग गटाने आसपासच्या बागा फिरून वही केली. सतरा मुलं, शाळेत जाणारी चार. बाकीची काजू-आंब्याखाली.

पोलिसांनी फॉर्मवर मुलांचा एक रकाना वाढवावा आणि शिक्षण विभागाने नोव्हेंबरातच ती यादी मागून घ्यावी. मोहोर आल्यावर नको. तेव्हा फवारणीच्या घाईत आम्हीच कुणाला भेटत नाही. वहीची प्रत गटाकडे तयार आहे. न्यायला कुणीही या, गुरख्याचा कुत्रा दिवसा बांधलेला असतो.

– एक बागायतदार, पावस (जि. रत्नागिरी)