दुसरं टिंब

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

त्या रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा तीन रात्री धड झोप झाली नव्हती. ऐरोलीच्या ऑफिसातून रोज शेवटच्या गाड्यांनी ठाण्याला येत होते. ऑडिटसाठी प्रत्येक व्यवहाराची नोंद लॉगमध्ये पडायला हवी होती. त्यासाठी मी अ‍ॅस्पेक्टजेमध्ये, म्हणजे जावा भाषेच्या एका विस्तारात, एकच अ‍ॅस्पेक्ट लिहिला होता; अनेक ठिकाणी लागणारा कोड एका जागी ठेवणारा भाग. बाकी नोंदी येत होत्या, परताव्याची मात्र एकही नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. जागोजागी प्रिंट टाकून मी पुन्हा पुन्हा चालवून बघत होते.

तुम्ही कोड वाचायलाही घेतला नाहीत. आधी विचारलंत, "अ‍ॅडव्हाइस कुठे लागतोय, ते तुला दिसतंय का?" अ‍ॅडव्हाइस म्हणजे अ‍ॅस्पेक्टमधला तो कोड, जो ठरवलेल्या मेथड्स (क्लासमधल्या छोट्या कृती) चालताना आपोआप चालतो. तो कुठे लागतो ते दिसू शकतं, हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही एक्लिप्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एजेडीटी, म्हणजे अ‍ॅस्पेक्टजेसाठीची टूल्स, टाकायला लावलंत. प्रोजेक्ट अ‍ॅस्पेक्टजेचा करून बिल्ड केला आणि एडिटरच्या डाव्या कडेला मेथड्सशेजारी छोटे बाण उमटले. परताव्याच्या क्लासमध्ये ती कड कोरी! मग व्हिज्युअलायझर उघडायला सांगितलंत. एकेका क्लासचा एकेक पट्टा, अ‍ॅडव्हाइस लागतो तिथे रंगीत रेघ. एक अख्खं उपपॅकेज (पॅकेज म्हणजे क्लासेसचा गट, त्याच्या आतला हा गट) बिनरेघेचं होतं.

चूक पॉइंटकटमध्ये, म्हणजे अ‍ॅडव्हाइस कुठे लागायचा ते सांगणाऱ्या ओळीत, होती. पॅकेजच्या नावापुढे एक टिंब देऊन तारा (*) टाकला, की फक्त त्याच पॅकेजातले क्लास धरले जातात. दोन टिंबं दिली की खालची उपपॅकेजेसही येतात. बाकी मेथड्सना अ‍ॅडव्हाइस लागत होता, मग 'कुठेच जुळला नाही' अशी वॉर्निंग कंपायलर देणार तरी कशी? सगळं तुमच्या लक्षात आलं होतं, तरी दुसरं टिंब तुम्ही मलाच शोधायला लावलंत. पूर्ण वेळ कीबोर्ड माझ्याकडेच होता.

काकूंनी पोहे आणले तेव्हा तुम्ही झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रातल्या ग्रेगर किझालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांबद्दल सांगत होतात. लॉगिंगसारखा शेकडो ठिकाणी विखुरलेला कोड एका जागी आणायचा, हा त्यांचा १९९७ सालचा निबंध. पण तो कोड तिकडे गेला, की मूळ मेथड वाचणाऱ्याला दिसेनासा होतो; म्हणून बाण दाखवणारं टूल हवंच, असं तुम्ही म्हणालात. अ‍ॅस्पेक्टबद्दल इतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

परवा टीममधला नवा मुलगा असाच प्रिंट टाकत बसला होता. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून क्रॉस रेफरन्सेस, म्हणजे अ‍ॅडव्हाइस कुठे लागतोय ते दाखवणारी एजेडीटीतली खिडकी, उघडायला सांगितलं. कीबोर्ड त्याच्याकडेच ठेवला.

काका, मनापासून आभार. काकूंना नमस्कार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची