शोषखड्ड्याआधी मातीची चाचणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावात घर बांधायचे तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 नुसार पंचायतीची परवानगी लागते. तिच्यासाठी दिलेल्या नकाशावर सेप्टिक टाकी बहुधा नुसता एक चौकोन असते. टाकीची मापे, विहिरीपासूनचे अंतर, खालची माती यांतले काहीच तिथे नसते. पुढे "टाकी वीस वर्षांत भरली नाही" असे कौतुकाने सांगितले जाते. न भरणारी टाकी बहुतेक वेळा तळ न घातलेली टाकी असते. तिच्यातला मैला जमिनीत जिरतो आणि विहिरीला पाणी येते तेही त्याच जमिनीतून.

टाकी पाणी शुद्ध करत नाही. तिच्यात गाळ तळाशी बसतो, साय वर धरते आणि मधले जंतूंनी भरलेले पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात, जाते. ते गाळण्याचे काम मातीचे. आयएस 2470 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात त्यासाठी पाझर चाचणी दिली आहे आणि ती कोणत्याही गवंड्याला जमेल. शोषखड्ड्याच्या जागी, त्याच खोलीपर्यंत 10 ते 30 सेंमी रुंदीचे भोक घ्यावे. गुळगुळीत झालेल्या कडा खरवडाव्यात, तळाशी 5 सेंमी खडी टाकावी, खडीवर किमान 30 सेंमी पाणी भरावे आणि माती रात्रभर भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी खडीवर 15 सेंमी पाणी ठेवून अर्ध्या तासातली घट मोजावी आणि त्यावरून 2.5 सेंमी उतरायला किती मिनिटे लागतात ते काढावे.

रात्रभर भिजवणे अजिबात टाळू नये. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीला मे महिन्यात भेगा पडलेल्या असतात. कोरड्या भोकातले पाणी त्यांतून झरझर निघून जाते आणि आकडा फसवा येतो. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा तुंबून पाणी थेट शौचालयाच्या भांड्यात परत येते.

आकडा 30 मिनिटांपर्यंत असेल आणि भूजल 1.8 मीटरपेक्षा खाली असेल तर शोषखड्डा चालतो. भूजल त्याहून वर असेल तर जमिनीवर भर घालून त्यात चर घ्यावे लागतात. आकडा 30 ते 60 असेल तर भोके पाडलेला पाईप आणि खडी घातलेले उथळ चर घ्यावेत. 60 च्या पुढे शोषखड्ड्याचा विचारच सोडावा आणि खालून वर पाणी चढणारा खडीचा गाळक बांधावा. खड्ड्याचे मापही याच आकड्यावरून निघते. 204 ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागले की एक चौरस मीटर भिंत दिवसाला किती लिटर पाणी शोषेल ते कळते. 25 मिनिटांना सुमारे 40 लिटर येतात. म्हणजे रोजच्या 400 लिटरला 10 चौरस मीटर भिंत, अर्थात दीड मीटर व्यासाच्या खड्ड्याला पाईपाखाली निदान 2.1 ते 2.2 मीटर खोली हवी. तळ हिशेबात धरू नये, तो गाळाने लवकर बुजतो.

कोकणात अडचण नेमकी उलटी आहे. जांभ्यातल्या पोकळ्यांतून पाणी गाळले न जाताच पुढे सरकते आणि पावसाळ्यात विहिरी काठोकाठ येतात. इथे पाणीपातळी मे महिन्यात मोजून उपयोग नाही, ती ऑगस्टमध्ये पाहावी. मानक विहिरीपासून किमान 18 मीटर अंतर सांगते. जांभ्यात तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, जमेल तितके अधिक ठेवावे. शिवाय दोन गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट जेमतेम 14 मीटरचा असतो, तेव्हा नकाशात शेजाऱ्याची विहीर दाखवल्याशिवाय या अंतराला अर्थ नाही.

टाकीचे म्हणाल तर पाच माणसांना आतून 1.5 मीटर लांब, 0.75 मीटर रुंद, 1 मीटर पाणी आणि वर 30 सेंमी मोकळी जागा पुरते. तळ काँक्रीटचा आणि भिंती आतून सिमेंट गिलावा केलेल्या हव्यात. बाहेर जाणारा पाईप आत येणाऱ्यापेक्षा 5 सेंमी खाली असावा आणि दोन्हींना टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा पाईपाचा जोड, लावावी. शंभर-दीडशे रुपये वाचवायला टी गाळली की साय शोषखड्ड्यात उतरते, भिंतीची छिद्रे लिंपली जातात आणि चांगल्या मुरमातलाही खड्डा निकामी होतो. पागोळीचे पाणी टाकीत सोडू नये, त्या लोंढ्याने बसलेला गाळ उठतो.

पाझर चाचणीचा आकडा, ऑगस्टमधली पाणीपातळी आणि आसपासच्या सर्व विहिरींची अंतरे नकाशावर असल्याखेरीज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी बांधकामाची शिफारस करू नये, आणि टाकी झाकण्याआधी तळ डोळ्यांनी पाहावा. मैला उपसणाऱ्या टँकरचा पाईप कुठून येणार हेही तेव्हाच विचारावे. दोन-तीन वर्षांनी उपसा करावाच लागतो. टाकीचे झाकण फरशीखाली गाडलेले असले की कुणाला तरी आत उतरवले जाते, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, जि. रत्नागिरी